मालगाडीची मालकीण

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात चॅपेल हिल नावाचे एक गाव आहे. गाव मुख्यतः विद्यापीठाचे. १८८२ साली त्या बाजूला आगगाडी आली, पण रूळ थेट विद्यापीठाच्या दारापर्यंत नेले नाहीत. सुमारे मैलभर अलीकडेच ते थांबवले. त्या शेवटच्या स्टेशनाभोवती हळूहळू वस्ती झाली, १८९८ साली तिथे कापसाची गिरणी उभी राहिली, आणि पुढे या वस्तीला कारबरो असे नाव मिळाले. रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका कष्टकरी कृष्णवर्णीय कुटुंबात ५ जानेवारी १८९३ रोजी एक मुलगी जन्माला आली. पाच भावंडांत ती शेंडेफळ. घरात सगळे तिला ‘धाकटी’ अशा अर्थाच्या लाडक्या नावानेच हाक मारीत. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारले तेव्हा तिला सांगायला नावच नव्हते! मग तिने तिथल्या तिथे एक नाव निवडले आणि सांगून टाकले : एलिझाबेथ.

स्वतःचे नाव स्वतः ठेवणारी ही मुलगी म्हणजे पुढे एलिझाबेथ कॉटन या नावाने प्रसिद्ध झालेली गीतकार आणि गिटारवादक. प्रसिद्ध म्हणायचे खरे, पण तिची प्रसिद्धी फार चमत्कारिक आहे. जगभर जे लोक बोटांनी गिटार वाजवायला शिकतात, त्यांतल्या बहुतेकांच्या हातून तिचे ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे ‘मालगाडी’, हे गाणे कधी ना कधी वाजलेले असते. त्यांतल्या किती जणांना ते कुणाचे आहे हे ठाऊक असते? मी आमच्या शहरातल्या एका शिकवणीत गिटार शिकत होते. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात हातात एक झेरॉक्स केलेले पान पडले. वर गाण्याचे नाव, त्याखाली सुरांच्या खुणा, आणि कोपऱ्यात जिथे रचनाकाराचे नाव असते तिथे एकच शब्द होता, ‘ट्रॅडिशनल’. पारंपरिक. म्हणजे कुणाचेही नाही, म्हणजे सगळ्यांचे.

या एका शब्दाने त्या बाईचे केवढे नुकसान केले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

एलिझाबेथच्या मोठ्या भावाजवळ बँजो होता. तो कामावर गेला की सात-आठ वर्षांची ही मुलगी बँजो उतरवून घेई आणि चोरून वाजवी. तारा तुटत, भाऊ ओरडे, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. आता अडचण अशी होती की एलिझाबेथ डावखुरी होती. तंतुवाद्य उजव्या हाताने छेडण्यासाठी बांधलेले असते. डावखुऱ्या माणसाने ते उलटे धरले की तारांचा क्रमही उलटा होतो. डावखुरे वादक सहसा तारा काढून उलट क्रमाने बांधून घेतात. पण वाद्य भावाचे! दुसऱ्याच्या वाद्याच्या तारा कशा बदलणार? तिने वाद्य जसे होते तसे उलटे धरले आणि आपल्या बोटांनाच नवा क्रम शिकवला.

ज्यांना गिटार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. गिटारला सहा तारा. वाजवणारा वाद्य मांडीवर घेतो तेव्हा जाड, खर्जाच्या तारा वरच्या बाजूला, त्याच्या तोंडाकडे असतात आणि बारीक, वरच्या सुरांच्या तारा खाली. बोटांनी वाजवण्याच्या पद्धतीत अंगठा वरच्या जाड तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटे खालच्या बारीक तारांवर गाण्याची चाल काढतात. अंगठा जणू तबला आणि बोटे गायक. एलिझाबेथच्या गिटारीवर सगळेच उलटे झाले. बारीक तारा वर गेल्या, तेव्हा चाल काढण्याचे काम अंगठ्याकडे आले. आणि ठेका धरण्याचे, खर्ज सांभाळण्याचे काम बोटांकडे गेले. अंगठा जाड आणि दमदार असल्यामुळे तिच्या वादनात चाल ठसठशीत, गोल ऐकू येते, आणि खर्जाचा ठेका मात्र हलका, मऊ, रुळांवरून जाणाऱ्या चाकांसारखा सतत खालून चालू राहतो. ही तिची शैली इतकी वेगळी ठरली की वादकांनी तिला ‘कॉटन पिकिंग’ असे नाव दिले. त्यात एक श्लेष आहे. इंग्रजीत ‘पिकिंग’ म्हणजे तारा छेडणे, आणि ‘पिकिंग’ म्हणजे वेचणे. कॉटन हे तिचे सासरचे आडनाव, आणि कॉटन म्हणजे कापूस. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत आणि गुलामीनंतरही जे काम केले त्याचे नाव तिच्या कलेला चिकटले आहे. हा श्लेष गोड आहे की कडू, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी स्वतः डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हातात पेन्सिल धरली म्हणून बोटांवर फूटपट्टी खाल्लेली आहे. त्यामुळे एलिझाबेथच्या आयुष्यातल्या या भागाविषयी मला जरा अधिक माया वाटते, हे वाचकांनी गृहीत धरावे. पण मायेपोटी मी तिच्या कलेला मोठे म्हणत नाही. अडचणीतून वाट काढणारे पुष्कळ असतात; अडचणीचाच नवा नाद बनवणारे फार थोडे.

शाळा लवकरच सुटली आणि ती गोऱ्या लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. केरवारे, स्वयंपाकघरातली मदत, मुले सांभाळणे. सुरुवातीचा पगार महिना पाऊण डॉलर. त्यातून साठवलेल्या पैशांतून तिने अकराव्या वर्षाच्या सुमारास स्वतःची गिटार घेतली, किंमत ३ डॉलर ७५ सेंट. म्हणजे हिशेबाने पाच महिन्यांची मजुरी. स्टेला नावाच्या स्वस्तातल्या बनावटीची ती गिटार होती. आता मात्र वाद्य तिचे स्वतःचे होते, तारा बदलता आल्या असत्या. पण बोटे उलट्या क्रमाला सरावली होती, ती सरावलेलीच राहिली.

याच काळात, अकरा-बारा वर्षांची असताना, तिने ‘मालगाडी’ रचले. घराजवळून रात्री जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तिच्या कानात होता. गाण्याचा विषय म्हटला तर पोरवयाला न शोभणारा. गाणारा कुणीतरी पळून चालला आहे, कोणत्या गाडीने गेलो ते कुणाला सांगू नका म्हणतो, आणि आपण मेल्यावर आपल्याला अशा ठिकाणी पुरा की जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत राहील, अशी इच्छा धरतो. एवढ्याशा मुलीला मरणाचे आणि पळून जाण्याचे विचार का सुचावेत? ते वर्ष १९०५च्या आसपासचे, दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांचे ते दिवस, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्न थोडा सोपा होतो. त्याच काळातले तिचे दुसरे गाणे, ‘ओ बेब, इट एन्ट नो लाय’, अगदी घरगुती कारणावरून झाले. शेजारच्या एका बाईने तिच्याविषयी आईकडे खोटी चहाडी केली आणि तिला शिक्षा झाली. तिने भांडण केले नाही, गाणे केले. गाण्यात राग आहे, पण चाल इतकी शांत की कुणाला पत्ता लागू नये. मला तर वाटते, वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देण्याचा याहून सभ्य मार्ग नसेल.

कारबरो या नावाविषयीही येथेच सांगून टाकते. ते गिरणीमालक ज्युलियन कार याच्यावरून पडले. याच गृहस्थाने १९१३ साली चॅपेल हिलच्या विद्यापीठात एका सैनिक-पुतळ्याच्या अनावरणप्रसंगी भाषण केले आणि त्यात आपण तरुणपणी एका कृष्णवर्णीय स्त्रीला चाबकाने कसे फोडून काढले याची भरसभेत फुशारकी मारली. एलिझाबेथ त्या वेळी वीस वर्षांची होती. तिच्या गावात सभ्य, सुशिक्षित आणि दानशूर म्हणून ओळखली जाणारी माणसे कशी होती, याची कल्पना यावी म्हणून हे लिहिले.

१९१० साली, सतराव्या वर्षी, तिचे फ्रँक कॉटन याच्याशी लग्न झाले होते. लवकरच लिली ही मुलगी झाली. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांविषयी चरित्रकाराला फार लिहिण्यासारखे काही सापडत नाही, आणि हेच त्या वर्षांविषयी सर्वांत महत्त्वाचे आहे. लग्नानंतर ती चर्चमध्ये मनापासून जाऊ लागली. तिथल्या मंडळींनी सांगितले की ऐहिक गाणी आणि देवाची सेवा एकत्र नांदत नाहीत. तिने गिटार बाजूला ठेवली. चर्चमध्ये प्रसंगी वाजवले तर तेवढेच. संसार कधी चॅपेल हिल, कधी न्यूयॉर्क, कधी वॉशिंग्टन असा फिरत राहिला. मुलीचे लग्न झाल्यावर तिने नवऱ्यापासून घटस्फोट घेतला आणि १९४०च्या दशकात ती वॉशिंग्टनला लेकीजवळ राहायला आली. पन्नाशी उलटली होती. नातवंडे झाली होती. गिटार सुटून इतकी वर्षे लोटली होती की आपण कधी वाजवत होतो हे तिच्याच लक्षात नसावे.

यापुढे मी तिला ‘बाई’ म्हणणार आहे. वयाचाही मान असतो.

बाईंना लॅन्सबर्ग नावाच्या एका मोठ्या दुकानात काम मिळाले. सणाच्या गर्दीचे दिवस, बाहुल्यांचा विभाग. एके दिवशी गर्दीत एक लहान मुलगी आईपासून चुकली आणि रडत उभी राहिली. बाईंनी तिला जवळ घेतले आणि तिच्या आईला शोधून तिच्या स्वाधीन केले. ही आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर. हिच्याविषयी थोडे सांगायलाच हवे. रूथ ही अमेरिकेतील एक अत्यंत बुद्धिमान संगीतरचनाकार. १९३० साली संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री. तिचे पती चार्ल्स सीगर हे संगीतशास्त्रज्ञ, आणि चार्ल्सच्या पहिल्या लग्नाचा मुलगा पीट सीगर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला लोकगायक. रूथने स्वतःची रचना बाजूला ठेवून खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या शेकडो गाण्यांची स्वरलेखने केली होती. १९४८ साली तिने मुलांसाठी अमेरिकन लोकगीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. घरात पियानो, गिटारी, ध्वनिमुद्रिका यांचा नुसता गजबजाट. या घरी बाई कामाला लागल्या. स्वयंपाक, इस्त्री, मुलांचे करणे. चुकलेली मुलगी पेगी; तिची भावंडे माइक, बार्बरा आणि पेनी. ‘एलिझाबेथ’ म्हणता न येणाऱ्या धाकट्या पेनीने त्यांना ‘लिबा’ करून टाकले आणि हे तिसरे नाव जन्मभर टिकले.

आता हा प्रसंग पाहा. लोकगीते कुठे सापडतील म्हणून ज्या घरातली माणसे देशभरातून आलेल्या तबकड्या रात्र रात्र ऐकत होती, त्याच घराच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलापाशी, उत्तर कॅरोलिनाच्या गाण्यांचा एक जिवंत साठा उभा होता. बरीच वर्षे कुणाला पत्ता नाही! स्वयंपाकघरात भिंतीवर पेगीची गिटार टांगलेली असे. एके दिवशी काम आटोपल्यावर बाईंनी ती खाली उतरवली, उलटी धरली आणि वाजवू लागल्या. पेगीच्या कानावर ते सूर पडले आणि मग सगळे घर गोळा झाले.

या प्रसंगाला इंग्रजी लेखक हमखास ‘शोध’ म्हणतात. सीगर कुटुंबाने एलिझाबेथ कॉटनचा शोध लावला, असे लिहिण्याची रीतच पडली आहे. मला हा शब्द पटत नाही. बाई हरवल्या नव्हत्या. हरवली होती ती पेगी, आणि सापडली ती बाईंना. सीगर मंडळींचे ऋण मोठे आहे, ते पुढे सांगतेच. पण ज्या समाजात मोलकरणीला तू काही गातेस का, असे विचारण्याची चालच नसते, तिथे शोध लागायला उशीर होणारच. हा दोष एका कुटुंबाचा नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आपल्यापैकी किती जणांनी असे काही विचारले आहे?

असो. विसरलेली गाणी एकेक करून परत आली. बोटांना आठवत होती. रूथ १९५३ साली वारली. मुले मोठी झाली. माइक सीगर स्वतः उत्तम वादक झाला होता. त्याने टेपरेकॉर्डर उचलला आणि बाईंच्या घरी जाऊन त्यांचे वादन मुद्रित करायला सुरुवात केली. स्टुडिओ नाही, काही नाही. निजण्याच्या खोलीत बाई पलंगावर बसून वाजवीत आणि नातवंडे आसपास गप्प बसून ऐकत. फोकवेज या कंपनीने १९५८ साली त्याची तबकडी काढली. बाईंचे वय त्या वेळी पासष्ट.

पण त्याआधीच एक घटना घडून गेली होती. पेगी सीगर १९५६च्या सुमारास इंग्लंडला गेली आणि लिबाची गाणी तिने तिथे गायली. इंग्लंडात तेव्हा ‘स्किफल’ची साथ आली होती. एक स्वस्त गिटार, कपडे धुवायची पन्हाळी पाटी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, एवढ्या साहित्यावर गल्लोगल्ली पोरांची वाद्यवृंदे निघाली होती. (बीटल्सची मंडळीही याच साथीत सापडली होती.) पेगीच्या तोंडून ऐकलेले ‘मालगाडी’ या पोरांना फार आवडले. चास मॅकडेव्हिट याच्या वृंदाने नॅन्सी व्हिस्की या गायिकेला घेऊन १९५७ साली त्याची तबकडी काढली आणि ती ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या स्थानापर्यंत चढली. त्याच वर्षी अमेरिकेत रस्टी ड्रेपर या गायकाची याच गाण्याची तबकडीही भरपूर खपली. आणि तबकडीवर रचनाकार म्हणून नावे होती दोन भलत्याच पुरुषांची. त्यांनी इंग्लंडात गाण्याचा स्वामित्वहक्क आपल्या नावावर नोंदवून टाकला होता.

म्हणजे पाहा : बाईंच्या स्वतःच्या आवाजातली तबकडी निघाली १९५८ साली, आणि त्यांचे गाणे दोन देशांत गाजून पैसे मिळवून मोकळे झाले १९५७ साली. त्या वर्षी बाई वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरी कामाला जात होत्या.

हे कसे होऊ शकले? चोरी म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला त्याच्या मुळाशी ‘लोकगीत’ हा शब्द दिसतो. लोकगीत म्हटले की त्याला कर्ता नसतो असे आपण धरून चालतो. ते जणू रानातल्या करवंदांसारखे; ज्याच्या हाताला लागेल त्याने तोडावे. इंग्लंडातल्या त्या दोघांनी करवंदे पाहिली, टोपलीत भरली आणि बाजारात आपल्या नावाची चिठ्ठी लावून विकली. पण त्या झुडपाला मालक होता. ते गाणे अनादी काळापासून चालत आलेले नव्हते. ते एका ठरावीक मुलीने, एका ठरावीक गावी, पाच महिन्यांच्या मजुरीतून घेतलेल्या गिटारीवर रचले होते, आणि ती मुलगी हयात होती. श्रीमंत, गोऱ्या, पुरुष रचनाकाराचे गाणे असते तर ते लोकगीत ठरले असते काय? माझ्या मते नसते. गाणे ‘पारंपरिक’ ठरते ते गाण्याच्या गुणांवरून नव्हे, तर बहुधा गाणाऱ्याच्या सामाजिक स्थानावरून.

उलट बाजूनेही बोलले पाहिजे. बाईंच्या सगळ्याच चिजा त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या. पहिल्या तबकडीत त्या ‘व्हॅस्टोपोल’ नावाची एक रचना वाजवतात. ती मूळ ‘सेबास्टोपोल’. एकोणिसाव्या शतकात हेन्री वॉरल नावाच्या गृहस्थाने दिवाणखान्यात वाजवण्यासाठी छापलेली. तोंडोतोंडी फिरताना नाव झिजले. ‘स्पॅनिश फ्लँग डँग’ ही तशीच ‘स्पॅनिश फँडँगो’ची झालेली वाट. म्हणजे छापील संगीत खेड्यात जाऊन कानाकानांतून बदलत गेले, आणि बाईंच्या हातून ते पुन्हा तबकडीवर आले. परंपरेचे काम असेच चालते. म्हणून तर जे खरोखर परंपरेने आले त्याला परंपरेचे म्हणावे आणि जे एका माणसाने केले त्याला त्या माणसाचे म्हणावे. बाई स्वतः हा भेद नेमका जाणत होत्या, आणि कोणते गाणे आपले व कोणते ऐकलेले हे सांगत असत.

सीगर मंडळींचे खरे ऋण येथे आहे. आपल्या घरातून गेलेले गाणे परक्यांच्या नावावर लागलेले पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. कायद्याचा मार्ग धरला गेला, तडजोड झाली आणि गाण्याच्या श्रेयात एलिझाबेथ कॉटन हे नाव आले. आले, पण एकटे आले नाही. नंतरच्याही अनेक तबकड्यांवर त्या दोघांची नावे बाईंच्या नावाशेजारी छापलेली आढळतात. आपल्याच घरात वाटेकरी म्हणून राहावे तसे.

१९६० साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर कॉलेजात माइक सीगरबरोबर बाईंचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. वय सदुसष्ट! हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यासारख्याच एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसमोर हा प्रवास सुरू झाला. त्या दशकात अमेरिकेतल्या तरुण विद्यार्थ्यांना जुन्या ग्रामीण गायकांची ओढ लागली होती. मिसिसिपी जॉन हर्टसारखे, १९२८ साली तबकड्या काढून मग विसरले गेलेले वादक १९६३मध्ये गावात जाऊन गाठले जात होते. बाई १९६४ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आल्या. तरी घरकाम सुटले नव्हते. कार्यक्रमांतून पोट भरेल याची खात्री नसल्यामुळे १९७०च्या सुमारापर्यंत त्या लोकांच्या घरी कामाला जातच राहिल्या. रंगमंचावर टाळ्या आणि सोमवारी पुन्हा इस्त्री.

या काळातले ‘शेक शुगरी’ हे गाणे मला ‘मालगाडी’पेक्षाही सरस वाटते, हे माझे वैयक्तिक मत. रात्री झोपायच्या वेळी पतवंडांना जवळ घेऊन बाईंनी ते रचले. एकेका मुलाने एकेक कडवे सुचवायचे असा खेळ. गाण्यात घरातली एकेक वस्तू गहाण पडत जाते. विषय दारिद्र्याचा, चाल पाळण्याची. १९६७च्या तबकडीवर ते बाईंनी स्वतः गायले नाही. बारा वर्षांच्या पणतीकडून गाऊन घेतले आणि आपण नुसती गिटारीची साथ केली. स्वतःचे पहिले गाणे रचले तेव्हा बाईंचे वय जवळपास तेवढेच होते. ग्रेटफुल डेड या प्रसिद्ध वाद्यवृंदाच्या ‘शुगरी’ या गाण्याने नावाचा धागा येथूनच उचलला, आणि चहाडखोर शेजारणीवरचे ते गाणेही त्यांनी १९८१ साली आपल्या तबकडीवर वाजवले. या वेळी नाव बाईंचेच होते.

पुढची वर्षे सन्मानांची. १९७८ साली बाई न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या शहरी घर करून राहिल्या. हे घर गाण्याच्या कमाईतले. शहराने एका छोट्या उद्यानाला त्यांचे नाव दिले. १९८४ साली त्यांना देशातील पारंपरिक कलावंतांसाठी असलेली राष्ट्रीय वारसा सन्मानवृत्ती मिळाली, आणि १९८५च्या समारंभात, ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांच्या जाहीर कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक. पारितोषिकाच्या विभागाचे नाव होते वांशिक किंवा पारंपरिक लोकसंगीत. पुन्हा तोच शब्द! बाईंनी तक्रार केल्याचे कुठे वाचनात नाही. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूज येथे त्या वारल्या. वय चौऱ्याण्णव.

मृत्यूनंतरची एक गोष्ट राहिली. २०२२ साली अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने प्रारंभीच्या प्रभावांच्या वर्गात त्यांचा समावेश केला. आणि त्यांच्या गावी, कारबरोला, रुळांच्या कडेने चॅपेल हिलच्या दिशेने जाणारा सायकलींचा एक मार्ग आहे, त्याला लिबा कॉटन हे नाव आहे. गाव मात्र अजून कारच्या नावाचेच.

ज्यांना हे वाचून ऐकावेसे वाटेल त्यांनी १९५८च्या तबकडीपासून सुरुवात करावी. ती अजून मिळते. पहिलीच चीज ‘विल्सन रॅग’. तिच्यात शब्द नाहीत, नुसती गिटार आहे. एकदा डोळे मिटून ऐका आणि चाल कोणत्या तारांवरून येते आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करा. मग बाईंचे चित्रीकरण पाहा. डाव्या हाताचा तो सुरकुतलेला अंगठा वरच्या बारीक तारांवर खाली-वर होतो आहे, तर्जनी खाली खर्जावर निवांत चालली आहे, आणि बाई कुठेतरी खोलीच्या कोपऱ्याकडे पाहत आहेत. ‘मालगाडी’ त्यानंतर लगेचच येते, दुसऱ्या क्रमांकावर. आमच्या शिकवणीतल्या त्या झेरॉक्स पानावर ‘ट्रॅडिशनल’ हा शब्द मी खोडला आहे आणि वर नाव लिहिले आहे. पुढच्या तुकडीसाठी पान तेच वापरतात असे ऐकते.